अर्ध्या पगाराचे चौदा महिने

अपघात झाला तेव्हा गाडी मी चालवत होतो, पण चूक माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे चौदा महिने जो भेटेल तो पहिला हाच प्रश्न विचारायचा. या हकिगतीत माझी जी चूक आहे ती वेगळी आहे, आणि ती मी अपघातानंतर पाच महिन्यांनी, पूर्ण शुद्धीत केली.

मी सदानंद. नव्याण्णव साली माझं वय चौतीस होतं. मिरकरवाड्याच्या बंदरावरून बर्फातली मासळी भरायची, टेम्पो कोल्हापूरला न्यायचा, रिकामा परत आणायचा, हे काम मी अकरा वर्षं करत होतो. टेम्पो मजीदशेठचा. दिवाळी नुकतीच झाली होती. त्या दिवशी मी एकटाच होतो. आंबा घाट उतरलो, पाली मागे टाकली आणि हातखंब्याच्या अलीकडच्या वळणावर समोरचा ट्रक एका एस्टीला ओलांडण्यासाठी माझ्या बाजूला आला. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील. मी गाडी डावीकडे ओढली. ट्रकचा फटका बसला आणि टेम्पो जांभ्याच्या दरडीवर जाऊन आदळला.

दुखलं नाही. खरंच सांगतो, पहिली काही मिनिटं काहीच दुखलं नाही. फक्त डावा पाय कुठे आहे ते कळेना. समोरचा पत्रा आत आला होता आणि पाय त्याच्या खाली होता. रस्त्याकडेच्या वडापावच्या गाडीवाल्याने पहार आणली. तो पत्रा उचलत होता आणि मला सांगत होता, "खाली बघू नको. माझ्याकडे बघ. तुझं गाव कुठलं, ता सांग." मी गाव सांगितलं, वाडी सांगितली, बायकोचं नाव सांगितलं. मग पाय सुटला, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही.

०

रत्नागिरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं, गुडघ्याची वाटी फुटली होती. माझी बायको वासंती भिंतीला टेकून उभी होती. माझे कात्रीने कापलेले कपडे तिच्या हातातल्या पिशवीत होते.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"ड्रायव्हर."

त्यांनी पुन्हा एकदा फोटो पाहिला. "डावा पाय," ते म्हणाले आणि थांबले. तेही रोज गाडी चालवत असणार. क्लच कुठल्या पायाने दाबतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"सळई घालू, हाड जुळेल. पाय राहील. गुडघा किती वाकेल ते आज सांगत नाही. उगाच आशा लावत नाही आणि घाबरवतही नाही."

वासंतीने एकच विचारलं, "जेवायला खाली बसता येईल ना त्यांना?"

डॉक्टर म्हणाले, "बघू."

तुमच्यापैकी कुणाला डॉक्टर "बघू" म्हणाले असतील तर तो शब्द किती जड असतो ते तुम्हाला माहीत असेल. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस मी तोच शब्द डोक्यात फिरवत पडून होतो.

०

दवाखान्यात मी सात आठवडे काढले. ऑपरेशननंतर जखमेत पू झाला, म्हणून एवढे लागले. तिथला दिवस पहाटे ताप बघण्याने सुरू होतो आणि मग संपता संपत नाही. सर्वात कठीण गोष्ट दुखणं नव्हती. अकरा वर्षं ज्याने घाटात कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, त्याने लघवीसाठी भांडं मागायचं, हे कठीण होतं. पहिल्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत मागितलंच नाही. वॉर्डातल्या मावशीच्या ते लक्षात आलं. तिने पडदा ओढला आणि बाहेर पाठ करून उभी राहिली. "कोण येत नाय. मी हाय हितं. सावकाश होऊ दे," म्हणाली. त्या बाईचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात मजीदशेठ आले. ते आले की स्टूल पलंगाजवळ ओढून बसत आणि आधी पायाकडे बघत, मग तोंडाकडे. त्या दिवशी त्यांच्या हातात कागद होते.

"सदा, हिथे सही कर. दर पंधरा दिवसांनी पैसे येतील. महिन्याचा धरला तर अर्धा पगार होईल."

"शेठ, माझ्याच्यानं हे फिटायचं नाय."

"फेडायचं नायच हाय. मी उपकार करत नाय. कामावर असताना लागलं, म्हणून कायद्यानं मिळतं. मी गाडीबरोबर तुझा विमा भरलेला हाय. मी देईन, मग कंपनी मला देईल." मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "पण दर वेळी डॉक्टरचा दाखला लागेल. कामास असमर्थ, असा. ज्या दिवशी तो दाखला मिळणार नाय, त्या दिवशी पैसे बंद."

मी सही केली. तेव्हा ते वाक्य मला साधं वाटलं होतं.

अर्ध्या पगारात घर चालत नव्हतं. वासंती काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. भाजलेल्या बिया फोडायच्या, गर सोलायचा. पहिल्या आठवड्यातच तिची बोटं टरफलातल्या तेलाने काळी पडली आणि सालं निघू लागली. मला भेटायला यायची तेव्हा हात पदराखाली ठेवायची. मी विचारायचो नाही. आमची नीता तेव्हा चौथीत होती. ती शाळेतून शेजारी जायची आणि तिथेच जेवायची.

०

जानेवारीत घरी आलो, दोन कुबड्यांवर. आठवड्यातून तीनदा एस्टीने शहरात जायचं, देसाई मॅडमकडे व्यायामाला. मॅडम पंचविशीच्या, बारीक चणीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी टाच धरून गुडघा वाकवला तेव्हा मी त्यांच्या टेबलाची कड इतकी जोरात धरली की नख तुटलं. मग त्यांनी प्लास्टिकची मोजपट्टी गुडघ्याला लावली.

"वीस अंश. नव्वद झाले की तुम्ही खुर्चीत नीट बसाल. गाडीचंही तेव्हा बघू."

मार्चच्या शेवटी साठ झाले होते. घरी रोज दोनदा मी कॉटच्या कडेला बसून पाय खाली सोडायचो आणि उजव्या पायाने तो मागे रेटायचो. घाम फुटायचा, पण दर आठवड्याला आकडा वाढायचा. कधी नव्हे ते मला झोप लागू लागली होती.

त्याच सुमाराला अनंत आला. अनंत आमच्याच वाडीतला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मुंबईत कारखान्यात असताना त्याच्या उजव्या कोपराला मार लागला होता, भरपाई मिळाली होती, त्यातून त्याने चिऱ्याच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. तो वाईट माणूस नव्हता. माझ्या काळजीनेच आला होता.

"किती वाकतो?" त्याने विचारलं.

"साठ."

"थांब मग आता. पुढे वाकवू नको." तो कॉटवर माझ्याशेजारी बसला. "अरे, पाय कायमचा किती गेला त्याचे टक्के ठरतात. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड असतं, ते ठरवतं. ताठ गुडघा म्हणजे मोठी रक्कम. वाकणारा गुडघा म्हणजे चणे-फुटाणे. तू फुकट मेहनत करून स्वतःचेच टक्के कमी करतोयस."

"पण गाडी..."

"डॉक्टर म्हणालाय का, गाडी चालवशील म्हणून? लिहून दिलंय?"

लिहून कुणीच दिलं नव्हतं. डॉक्टर "बघू" म्हणाले होते.

अनंत चहा पिऊन गेला. त्याने कप डाव्या हाताने धरला होता. उजवा हात कोपरात वळत नव्हता, तोंडापर्यंत पोचतच नव्हता. मी त्याचा हात बघितला, पण माझ्या डोक्यात त्याच्या चिऱ्याच्या खोल्या होत्या.

संध्याकाळी वासंतीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "किती मिळतील?"

अनंतने सांगितलेला आकडा मी सांगितला. ती बोटांवरचं काळं सुटं सालपट ओढत राहिली. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी माझी व्यायामाची पाळी होती. मी गेलो नाही, आणि तिनेही का गेला नाहीत असं विचारलं नाही.

०

पाय दुखतो, पोट बिघडलंय, एस्टी चुकली. मी मॅडमना शेजारच्या दुकानातल्या फोनवरून अशी कारणं देत राहिलो. दाखल्यासाठी पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे जायचो आणि लंगडणं जरा वाढवायचो. खोटं लंगडणं फार दमवतं. खरं लंगडताना माणूस विचार करत नाही, खोटं लंगडताना प्रत्येक पावलाला विचार करावा लागतो.

घरातही तसंच. दारात कुणी आलं की मी पाय सरळ करायचो. नंतर नंतर कुणी नसतानाही सरळच ठेवू लागलो. परसात जाताना आधी बाहेर डोकावून बघायचो. वाडीत एखादी अनोळखी दुचाकी आली की कुबडी जवळ ओढायचो.

मे महिन्यात ती आलीच. स्कूटरवरून एक गृहस्थ उतरले, बगलेत फाइल. विमा कंपनीकडून चौकशीला आले होते. नम्र होते. घरात यायच्या आधी त्यांनी वाडीत दोन-तीन घरी विचारलं होतं, ते मला नंतर कळलं. शाळेला सुट्टी होती, नीता ओटीवर होती. वासंती कामाला गेली होती.

"जरा चालून दाखवता?"

मी कुबडी घेतली आणि ओटीपासून पायरीपर्यंत गेलो, परत आलो. पाय लाकडासारखा टाकत. ते बघत होते, लिहीत होते. मग त्यांनी सहज, गोड आवाजात नीताला विचारलं, "बाबा एरवी चालतात का गं? गुडघा वाकवतात?"

नीताने माझ्याकडे पाहिलं. मी तिला काहीही पढवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. ती नऊ वर्षांची पोर त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाय. बाबांचा पाय वाकतच नाय."

गृहस्थांनी तेही लिहिलं. पाणी प्यायले आणि गेले.

स्कूटरचा आवाज संपल्यावर नीता माझ्याकडे बघून हसली. काम फत्ते केल्यासारखी. मला तिच्याकडे बघवेना. मी आत गेलो, दार लोटलं, कॉटच्या कडेला बसलो आणि पाय खाली सोडला. मला फक्त खात्री करायची होती की तो माझ्या हातात आहे, मनात आलं की वाकतो.

तो वाकला नाही. थोडा गेला आणि अडला. मी उजव्या पायाने रेटला, दोन्ही हातांनी घोटा धरून ओढला. आत कुणीतरी दोर बांधल्यासारखं झालं होतं. पोर खरं बोलली होती. सात आठवडे मी सोंग केलं आणि सोंग कधी संपलं ते मला कळलंच नाही. हातखंब्याला पत्र्याखाली पाय सापडला तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

०

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने देसाई मॅडमकडे गेलो. त्यांनी मोजपट्टी लावली.

"पस्तीस." त्यांनी पुन्हा लावली. "मार्चमध्ये साठ होते. घरी काय झालं?"

मी सगळं सांगितलं. अनंतचं, चौकशीवाल्यांचं, नीताचंही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मोजपट्टी खणात ठेवली.

"तुम्ही काही पहिले नाही," त्या म्हणाल्या. "पण आता माझ्या हाताने हे सुटेल असं वाटत नाही. डॉक्टरांना दाखवू. उशीर झालाय की नाही ते तेच सांगतील."

डॉक्टरांनी भूल देऊन गुडघा वाकवला. त्यात हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो, असं सांगून सही घेतली. त्या सकाळी बाहेर बाकावर वासंती होती. मला आत नेताना ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण माझे हात फार दुखत होते हो." तिने पहिल्यांदा हात माझ्यासमोर उघडे धरले. दहाही बोटांची टोकं काळी, भेगाळलेली. मी ते हात धरले आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलेपर्यंत धरून ठेवले.

हाड मोडलं नाही. पण त्यानंतरचे तीन महिने मी कुणावर येऊ नयेत म्हणतो. गुडघा पुन्हा आखडू नये म्हणून दिवसातून चार वेळा वाकवायचा. पावसात एस्टी बंद असली की वासंती स्वतः वाकवायची, मॅडमनी शिकवलं तसं. मी दातांत पंचा धरायचो. नीताला त्या वेळी बाहेर पाठवायचो. एकदा ती गेली नाही. दाराशी उभी राहून मोठ्याने आकडे म्हणू लागली, एक ते तीस. तीस झाले की वासंती सोडायची. मग रोज तीच मोजू लागली.

तिच्याशी मला बोलायचं होतं. एक दिवस म्हटलं, "त्या काकांना तू जे सांगितलंस ना, ते मला नाय आवडलं. चूक तुझी नाय. माझी हाय." तिने विचारलं, "मग पैसे बंद होतील?" मी म्हटलं, "होतील कधीतरी." ती म्हणाली, "आईचं काम पण बंद होईल?"

मजीदशेठनाही सगळं सांगितलं. त्यांनी आधी पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग म्हणाले, "मला फसवलंस, याचं वाईट वाटलं. पण तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ता मलाच ठाऊक नाय." उठताना म्हणाले, "हलकं काम करशील असं डॉक्टर लिहील तेव्हा बर्फाच्या कारखान्यात ये. वजनाच्या काट्यावर बसायला माणूस हवाच हाय."

०

बोर्डाची तारीख जानेवारीत आली. सरकारी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही पंधरा-वीस जण बाकांवर होतो. कुणाचा हात, कुणाचा डोळा. सगळे एकमेकांच्या अवयवांकडे चोरून बघत होते. वासंती रजा घेऊन आली होती. अनंतने आदल्या दिवशी घरी येऊन शेवटचं सांगितलं होतं, "चाळीसला थांब. दुखतंय म्हण. कुणाला कळायचं नाय."

आत तीन डॉक्टर होते. मधले म्हणाले, "टेबलावर बसा. जेवढा वाकतो तेवढा गुडघा वाकवा."

मी वाकवायला सुरुवात केली. तीसपर्यंत काही वाटत नाही. चाळीसला आत ओढ बसते. तिथे थांबलो असतो तर ते खोटं दिसलं नसतं, कारण दुखणं खरंच तिथे सुरू होतं. डॉक्टर वाट बघत होते. माझ्या कपाळावर घाम आला होता. मला कारखान्यातले हात दिसत होते आणि त्या रकमेने ते हात दोन-तीन वर्षं तरी घरी राहिले असते, हेही मला कळत होतं. मी थांबलो. खरंच थांबलो.

"एवढाच?" डॉक्टरांनी विचारलं आणि पेन उचललं.

"नाय," मी म्हटलं. "अजून जातो."

आणि नेला. नीता जशी मोजते तसं मनात मोजत नेला. ब्याऐंशी अंश. त्यांनी दोनदा मोजून लिहिलं.

पंचवीस टक्के ठरले. त्याची रक्कम अनंतच्या आकड्याच्या निम्मीही नव्हती. डॉक्टरांनी दाखल्यावर "हलके काम करण्यास योग्य" असं लिहिलं आणि अर्धा पगार त्या पंधरवड्यापासून बंद झाला. एकरकमी भरपाई यायला पुढे वर्ष गेलं. ती उसनवारी फेडण्यात संपली. वासंतीने काजूचं काम आणखी दीड वर्ष केलं. मी दोन वर्षं बर्फाच्या काट्यावर बसलो, मग शेठनी छोटी गाडी घेतली ती चालवू लागलो. घाट नाही, फक्त बंदर ते बाजार. मांडी घालून मी आजही बसू शकत नाही. पंगतीत मला खुर्ची लागते.

ज्यांच्या पायात आज सळई आहे त्यांना मी एवढंच सांगेन की मिळणारे पैसे घ्या, ते तुमच्या हक्काचे आहेत, दाखल्यासाठी खेटे घालावे लागले तर घाला. त्याची लाज बाळगू नका. पण व्यायामाचा एक दिवसही त्या पैशांच्या हिशेबात धरू नका. मी धरला, आणि मला नव्वद अंश कधीच मिळाले नाहीत. आठ अंश कमी. ते माझ्या चुकीचे की अपघाताचे, हे मॅडमनाही सांगता आलं नाही.

त्या दिवशी बोर्डाच्या खोलीतून मी बाहेर आलो तेव्हा वासंती बाकावरून उठली. मी टक्के सांगितले. तिने "बरं" म्हटलं, कागद घडी घालून पिशवीत ठेवला. आम्ही फाटकाबाहेर पडलो. स्टँडपर्यंत चालत जायचं होतं. ती नेहमीसारखी माझ्या बाजूने, माझ्या काठीच्या चालीने चालत होती. मग तिने समोरच्या दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि बघता बघता चार पावलं पुढे गेली. मागे वळून म्हणाली, "चला की भराभर! साडेबाराची गाडी जाईल."

चौदा महिन्यांत मला कुणी घाई केली नव्हती. मी काठी काखेत मारली आणि तिच्या मागोमाग निघालो.